कंट्रोल-टॅब दाबल्यावर तुम्ही कुठे पोहोचता?

संगणकावर नोंदी ठेवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. तुम्ही अनुवाद करत असाल, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असाल, सोसायटीचं इतिवृत्त लिहीत असाल किंवा वर्गासाठी टिपणं काढत असाल, एका टॅबवरून दुसऱ्या टॅबवर तुम्ही कसे जाता ते आज एकदा थांबून पाहा. ही कृती दिवसभरात इतक्या वेळा होते की तिच्याकडे लक्षच जात नाही. मग तिच्यात काही अडलं की दोष आपण स्वतःला देतो. ‘माझं लक्ष टिकत नाही’, ‘वय झालं आता’, ‘इतक्या टॅबांत मी हरवून जाते’ ही वाक्यं मी फार जणांच्या तोंडून ऐकली आहेत. लक्षाचा प्रश्न थोडा असेलही. पण हरवण्याचं कारण पुष्कळदा बोटाखालच्या कळीत असतं, आणि ते थोड्या वेळात दुरुस्त करता येतं.

आधी एक चाचणी करा. तुमच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार टॅब उघडा आणि त्यांना डावीकडून एक, दोन, तीन, चार अशी नावं द्या. माउसने ‘तीन’वर क्लिक करा, मग ‘एक’वर क्लिक करा. आता कंट्रोल दाबून धरा, टॅबची कळ एकदाच दाबा आणि दोन्ही बोटं उचला. तुम्ही ‘दोन’वर पोहोचलात तर तुमचं सॉफ्टवेअर शेजारच्या टॅबवर नेतं. ‘तीन’वर पोहोचलात तर ते तुम्ही नुकत्याच पाहिलेल्या टॅबवर परत नेतं. चाचणी याच आकड्यांनी करा. ‘एक’ पाहून ‘चार’वरून सुरुवात केलीत तर रांग संपल्यावर गाडी फिरून ‘एक’वरच येते, आणि दोन्ही पद्धतींतला फरक कळेनासा होतो.

फरक एवढाच आहे, पण कामावर त्याचा परिणाम मोठा होतो. कारण कळ तीच आहे आणि वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा अर्थ वेगळा आहे. क्रोममध्ये कंट्रोल-टॅब उजवीकडच्या शेजाऱ्याकडे नेतं. व्हीएस कोडमध्ये ते मुळातच अलीकडच्या फाइलवर नेतं. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या पहिल्याच पानावर, टॅबांच्या गटात, अलीकडच्या क्रमाने फिरण्यासाठी एक चौकट असते. ती टिक केलेली असेल तर एक वागणूक, नसेल तर दुसरी. नोटपॅड प्लस प्लसमध्येही प्रेफरन्सेसमध्ये हीच निवड करता येते. वननोटच्या डेस्कटॉप आवृत्तीत कंट्रोल-टॅबने पान बदलत नाही, पुढचा विभागच उघडतो. एक्सेलमध्ये त्याने शीट बदलत नाही, दुसरी वर्कबुक समोर येते. आपण दिवसभरात यांतल्या तीन-चार ठिकाणी वावरतो आणि सगळीकडे हात तीच कळ दाबतो.

जेफ रास्किन यांनी ॲपलमध्ये मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू केला. २००० साली आलेल्या ‘द ह्युमेन इंटरफेस’ या पुस्तकात त्यांनी सवयीबद्दल जे लिहिलं, ते इथे तंतोतंत लागू पडतं. माणसाला एखाद्या हालचालीची सवय झाली की ती लक्ष न देता होऊ लागते, आणि हाताच्या कामातला खरा वेग तिथूनच येतो. पण तीच हालचाल कधी एक करते आणि कधी दुसरं, आणि आत्ता काय होणार हे समोर दिसत नाही, अशी व्यवस्था असेल तर माणूस चुकणारच. त्याला कितीही शिकवलं तरी चुकणार, कारण सवय विचारून काम करत नाही. म्हणून आग्रहाने सांगतो, या गोंधळासाठी स्वतःला बोल लावू नका.

आता दोन्ही पद्धती जरा खोलात पाहू, कारण कुठली चांगली हे कामावर ठरतं.

एक अनुवादक घ्या. त्याच्यासमोर सात टॅब उघडे आहेत. मूळ मजकूर दुसऱ्या टॅबवर आहे आणि अनुवाद सहाव्यावर. मधल्या टॅबांत शब्दसंग्रह, जुनी पत्रं, एखादं शासकीय परिपत्रक आहे. शेजारच्या क्रमाने जायचं तर मूळ मजकुराकडून अनुवादाकडे चार वेळा कळ दाबावी लागते. परत येताना तीच कळ पुढे दाबत गेला तर तीनदा, शिफ्ट धरून उलटा आला तर चारदा. प्रत्येक दाबासरशी एक नको असलेलं पान डोळ्यांसमोर चमकून जातं. त्यावर काही ना काही लिहिलेलं असतं आणि डोळे ते वाचतात. परिपत्रकाची तारीख दिसते आणि त्याबद्दल कोणाला तरी फोन करायचा राहिला आहे हे आठवतं. सहाव्या टॅबवर पोहोचेपर्यंत मूळ वाक्याचा शेवट डोक्यातून निसटलेला असतो. मग पुन्हा मागे.

अलीकडच्या क्रमात हेच काम एका दाबात होतं. मूळ वाक्य वाचा, कळ दाबा, अनुवादात लिहा, कळ दाबा, मूळ मजकुरात परत या. ते दोन टॅब शेजारी आहेत की दोन टोकांना, याच्याशी काही संबंध उरत नाही. मधे तिसरं पान येत नाही. टॅबांच्या पट्टीकडे पाहावंच लागत नाही, त्यामुळे नजर जिथे वाक्य तुटलं तिथेच राहते. दोन कागद जुळवून पाहण्याचं कुठलंही काम घ्या: प्रश्नपत्रिका आणि अभ्यासक्रम, उपविधी आणि ठराव, मुलाखतीचं टिपण आणि लेखाचा मसुदा. या कामांसाठी अलीकडचा क्रमच योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे.

पण या पद्धतीत एक मेख आहे. ती कोणी समजावून सांगत नाही, आणि त्यामुळे अनेक जण वैतागून ही सोय बंद करून टाकतात. मेख कंट्रोलची कळ सोडण्यात आहे. अलीकडच्या क्रमात कंट्रोल धरून टॅबची कळ एकदा दाबली की शेवटून दुसरं पान निवडलं जातं, दोनदा दाबली की तिसरं, तीनदा दाबली की चौथं. कंट्रोल सोडलं की निवड पक्की होते आणि निवडलेलं पान यादीत सर्वांत वर येतं. म्हणजे तुम्ही दर वेळी दोन्ही बोटं उचललीत तर तुम्ही कायम त्याच दोन पानांत येरझाऱ्या घालत राहाल. तिसऱ्या पानापर्यंत कधीच पोहोचणार नाही आणि सॉफ्टवेअर बिघडलं असं वाटेल. ते बिघडलेलं नसतं. तिसरं पान हवं असेल तर कंट्रोल दाबूनच ठेवा, टॅबची कळ दोनदा टिचका आणि मगच अंगठा किंवा करंगळी उचला. व्हीएस कोड आणि नोटपॅड प्लस प्लसमध्ये कंट्रोल धरून ठेवलं की छोटी यादी समोर येते. ती पाहून निवडा. दिवसभर मुद्दाम सराव केला की हाताला हे कळायला लागतं.

जपानी अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांनी १९९३ साली कागदपत्रं लावण्याची पद्धत मांडणारं एक पुस्तक लिहिलं. त्यांची पद्धत नेमकी हीच होती, फक्त कागदी. विषयवार वर्गवारी करायचीच नाही. प्रत्येक कामाचं एक मोठं पाकीट करायचं, ते फळीवर उभं ठेवायचं, नवं पाकीट डाव्या टोकाला लावायचं. एखादं पाकीट काढून वापरलं की ते मूळ जागी परत ठेवायचं नाही, पुन्हा डाव्या टोकालाच लावायचं. काही आठवड्यांत रोज लागणारी पाकिटं डावीकडे जमतात आणि न लागणारी आपोआप उजवीकडे सरकतात. वर्गवारी करण्यात जाणारा वेळ वाचतो. कारण जे आत्ता वापरलं तेच पुन्हा लवकर लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. संगणकाच्या स्मृतीचं व्यवस्थापनही याच तर्काचा आधार घेतं: जागा अपुरी पडली की बराच काळ न वापरलेलं आधी बाहेर काढायचं.

तरीही सगळीकडे अलीकडचा क्रम लावून टाका, असं मी सांगणार नाही. घरातला मिसळणाचा डबा आठवा. मोहरीची वाटी कुठे आणि हळदीची कुठे हे ठरलेलं असतं, म्हणून फोडणी करताना हात न पाहता तिथे जातो. प्रत्येक वापरानंतर वाट्या आपोआप जागा बदलू लागल्या तर स्वयंपाक करणं अशक्य होईल. काही नोंदी अशाच असतात. आजची कामं, आठवड्याचा हिशेब, संपर्कांची यादी या तीन-चार नोंदी रोज लागतात, आणि त्यांची जागा ठरलेलीच हवी. अशा नोंदी डावीकडे ओळीने लावा आणि आकड्याने बोलवा. क्रोममध्ये आणि ऑब्सिडियन या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल धरून १ दाबलं की पहिला टॅब येतो, २ ने दुसरा, असं ८ पर्यंत जाता येतं. ९ दाबलं की शेवटचा टॅब येतो, मग तो कितवाही असो. जे पडदा-वाचकाच्या मदतीने काम करतात त्यांनी ही सवय जरूर लावून घ्यावी. कारण एकेक टॅबचं नाव ऐकत पुढे जाण्यापेक्षा थेट आकड्यावर जाणं फार सुटसुटीत पडतं.

अलीकडच्या क्रमाला मर्यादाही आहे. आपण आधी काय पाहिलं आणि त्याच्या आधी काय, हे डोक्यात फार खोलवर राहत नाही. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी २००१ साली मांडलं होतं की माणूस एका वेळी मनात साधारण चारच सुट्या गोष्टी धरू शकतो. म्हणून चौथ्या-पाचव्या पानापलीकडे कंट्रोल-टॅबने जाण्याचा हट्ट करू नका. तिथून पुढे नाव टाइप करून शोधणंच सोपं. क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए दाबलं की उघड्या टॅबांत शोधता येतं. ऑब्सिडियनमध्ये कंट्रोल-ओ दाबलं की अलीकडच्या नोंदी दिसतात आणि नावाची दोन अक्षरं टाइप केली की हवी ती नोंद वर येते.

ऑब्सिडियनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण विद्यार्थी आणि लेखक आता ते बरंच वापरू लागले आहेत आणि अडचणीही तिथेच जास्त येतात. २०२० साली आलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये आज दिसतात तसे टॅब ऑक्टोबर २०२२ मध्ये १.० आवृत्तीबरोबर आले. तिथे कंट्रोल-टॅब शेजारच्या टॅबवर नेतं. अलीकडचा क्रम हवा असेल तर त्यासाठी लोकांनी बनवलेली प्लगइन्स आहेत. पण नवीन वापरणाऱ्याला सर्वांत जास्त घाबरवणारी गोष्ट वेगळीच आहे. डावीकडच्या यादीत एखाद्या नोंदीवर साधं क्लिक केलं की ती नव्या टॅबमध्ये उघडत नाही, समोरच्या टॅबमध्ये उघडते, आणि तिथे आधी असलेली नोंद दिसेनाशी होते. ‘लिहिलेलं गेलं!’ म्हणून माणूस हादरतो. काहीही गेलेलं नसतं. नोंद तुमच्या डिस्कवर साध्या फाइलच्या रूपात जशीच्या तशी असते. कंट्रोल आणि ऑल्ट धरून डावा बाण दाबा, ती परत समोर येईल. नवी नोंद वेगळ्या टॅबमध्ये हवी असेल तर कंट्रोल धरून क्लिक करा. आणि जी नोंद समोरून हलताच कामा नये, तिच्या टॅबवर उजवं क्लिक करून ती पिन करा. पिन केलेल्या टॅबवर दुसरी नोंद येऊन बसत नाही. व्हीएस कोडमध्येही याच्याशी मिळतीजुळती सोय आहे. एकदाच क्लिक करून उघडलेल्या फाइलचं नाव तिरक्या अक्षरांत दिसतं आणि पुढची फाइल तिची जागा घेते. दोनदा क्लिक केलं की फाइल ठाण मांडून बसते.

आता माझी मुख्य विनंती. कळींची वाटणी एकदाच ठरवा आणि जिथे जिथे शक्य आहे तिथे ती सारखी करून घ्या. माझी शिफारस अशी: कंट्रोल-टॅब हे नुकत्याच पाहिलेल्या पानासाठी, आणि कंट्रोलसोबत पेज-अप किंवा पेज-डाउन हे शेजारच्या पानासाठी. असं सुचवण्याचं कारण आहे. क्रोम, फायरफॉक्स आणि नोटपॅड प्लस प्लसमध्ये, तसंच विंडोजवरच्या व्हीएस कोडमध्ये, कंट्रोल-पेज-डाउन शेजारीच नेतं. एक्सेलमध्ये ते पुढच्या शीटवर नेतं, वननोटमध्ये पुढच्या पानावर. म्हणजे ‘शेजारी जा’ या अर्थाची ही कळ आधीपासूनच जवळपास सगळीकडे एकसारखी आहे. ती वापरणारे मात्र कमी. लहान लॅपटॉपवर पेज-अप आणि पेज-डाउनच्या वेगळ्या कळा नसतात. तिथे बहुधा एफएन धरून वरचा किंवा खालचा बाण दाबावा लागतो. ऑब्सिडियनमध्ये सेटिंग्जमधल्या हॉटकीजच्या पानावर पुढच्या आणि मागच्या टॅबसाठी तुम्हाला हवी ती कळ लावता येते. क्रोमला अलीकडचा क्रम लावता येत नाही, हे मात्र स्वीकारावं लागतं. तिथे ज्या दोन टॅबांत सारखी ये-जा आहे, ते ओढून एकमेकांशेजारी आणा. मग कंट्रोल-टॅबने पुढे आणि कंट्रोल-शिफ्ट-टॅबने मागे, एवढंच उरतं.

आणि ज्या दोन गोष्टी अर्धा तासभर जुळवून पाहायच्या आहेत, त्यांच्यासाठी टॅब बदलूच नका. त्या शेजारी शेजारी मांडा. विंडोजमध्ये विंडोजची कळ धरून डावा बाण दाबला की समोरची खिडकी पडद्याचा डावा अर्धा भाग व्यापते, उजव्या बाणाने उजवा. ऑब्सिडियनमध्ये टॅबवर उजवं क्लिक करून तो उजवीकडे विभागता येतो. पडदा लहान असेल तर अक्षरं थोडी बारीक करावी लागतील, पण नजर वळवणं हे पान पालटण्यापेक्षा केव्हाही हलकं काम आहे.

याबद्दल मी इतकं का बोलतो, असं कोणी विचारेल. एका दाबाला लागतो अर्धा सेकंद. चार दाबांचे दोन सेकंद. त्याने काय बिघडतं? खर्च त्या दोन सेकंदांत नाहीच. रॉबर्ट रॉजर्स आणि स्टीफन मॉन्सेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अगदी सोपी दोन कामं दिली होती. एक म्हणजे दिसलेला अंक सम की विषम ते सांगायचं. दुसरं म्हणजे दिसलेलं अक्षर स्वर की व्यंजन ते सांगायचं. कामं ठरलेल्या क्रमाने आलटून-पालटून येत होती, पुढे काय येणार ते माणसाला आधीच माहीत होतं. तरीही काम बदललं की उत्तर उशिरा येत होतं आणि चुका वाढत होत्या. तयारीला जास्त वेळ दिला तर हा उशीर कमी झाला, पण पुरता नाहीसा झाला नाही. सम-विषम ओळखताना असं होत असेल, तर कायद्याच्या कलमातलं लांब वाक्य मनात धरून तीन अनोळखी पानं ओलांडताना काय होत असेल याचा विचार करा. मुद्दाम काम बदलावं लागतं तेव्हा इलाज नाही. पण नुसता टॅब शोधताना नको त्या पानांवरून जाऊन ही किंमत मोजायची गरज नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक अडथळा येतो, आणि इंग्रजीत लिहिलेल्या सल्ल्यांत त्याचा उल्लेख नसतो. आपण टॅब बदलतो तेव्हा पुष्कळदा कीबोर्डही बदलावा लागतो. इंग्रजी मजकुरात शोधायला गेलो की देवनागरी उमटते, मराठी परिच्छेदात परतलो की रोमन. यावर विंडोजमध्ये एक उपाय आहे. सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा या विभागात टायपिंगखाली कीबोर्डच्या प्रगत सेटिंग्ज असतात. तिथे प्रत्येक ॲपच्या खिडकीला वेगळी इनपुट पद्धत ठेवू देणारी चौकट आहे. ती टिक करा. मग मराठी मसुदा नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा आणि इंग्रजी संदर्भ ब्राउझरमध्ये. दोन्हींत एकदा योग्य भाषा निवडली की ऑल्ट-टॅबने खिडकी बदलताना कीबोर्डही आपोआप बदलेल. ही सोय खिडकीपुरती आहे, एकाच खिडकीतल्या टॅबांना ती लागू होत नाही. म्हणून दोन भाषा एकाच खिडकीत कोंबू नका. तरीही हाताने बदलायची वेळ आलीच तर विंडोजची कळ आणि स्पेस.

ऑल्ट-टॅब पूर्वीपासून अलीकडच्या क्रमानेच चालतं, पण विंडोजमध्ये काही वर्षांपूर्वी एक बदल झाला. एज ब्राउझरमधले अलीकडचे टॅबही ऑल्ट-टॅबच्या यादीत दिसू लागले. तुमच्या यादीत अचानक नको तितकी चित्रं दिसत असतील तर कारण हेच असेल. सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली मल्टिटास्किंगच्या पानावर ते बंद करता येतं. खिडक्या बदलण्याची कळ खिडक्यांपुरतीच राहू द्या.

नोंदींच्या नावांकडेही लक्ष द्या. टॅब वाढले की प्रत्येक टॅब अरुंद होतो आणि नावाची पहिली काही अक्षरंच दिसतात. ‘सोसायटी सभा जून ठराव’, ‘सोसायटी सभा जुलै ठराव’, ‘सोसायटी सभा हिशेब’ अशी नावं ठेवलीत तर तिन्ही टॅबांवर ‘सोसायटी स’ एवढंच उरेल. वेगळं पाडणारा शब्द आधी लिहा: ‘जून ठराव’, ‘जुलै ठराव’, ‘हिशेब’. ऑब्सिडियनमध्ये मराठी नावाच्या नोंदीला रोमन अक्षरांतलं एक छोटं टोपणनावही देऊन ठेवा. मग कीबोर्ड इंग्रजीवर असला तरी कंट्रोल-ओ मधून ती नोंद सापडते.

फोनवर लिहिणाऱ्यांनाही हेच लागू आहे. अँड्रॉइडवर खाली तीन बटणं असतील तर चौकोनी बटण पटकन दोनदा दाबा, आधीचं ॲप समोर येईल. २०१६ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून ही सोय आहे. बटणांऐवजी पट्टी असेल तर त्या पट्टीवर बोट आडवं सरकवा. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर नोंदीत उतरवताना दर वेळी मुखपृष्ठावर जाऊन ॲप शोधणारी माणसं मी रोज पाहतो. त्यांना हे जरूर दाखवा.

टॅब बंद करण्याविषयी एवढंच: काम संपलेला टॅब कंट्रोल-डब्ल्यूने बंद करायला घाबरू नका. चुकून बंद झालाच तर क्रोम, फायरफॉक्स आणि ऑब्सिडियनमध्ये कंट्रोल-शिफ्ट-टीने तो परत उघडतो. उघडे टॅब ही कामांची यादी म्हणून वापरण्याची सवय मात्र सोडा. राहिलेलं काम एका नोंदीत लिहा आणि तिला पट्टीतली पहिली जागा द्या.

शेवटी, जे दुसऱ्यांचे संगणक लावून देतात त्यांच्यासाठी. घरात आई-वडिलांचा, कार्यालयात सहकाऱ्याचा किंवा संगणकाच्या वर्गात विद्यार्थ्यांचा संगणक तुम्ही लावता, तेव्हा कंट्रोल-टॅबची ही निवड त्यांना विचारल्याशिवाय बदलू नका. तुमच्या हाताला जे सोपं वाटतं ते त्यांच्या वर्षानुवर्षांच्या सवयीला आडवं जाऊ शकतं. आधी वर दिलेली चार टॅबांची चाचणी त्यांच्याकडून करून घ्या. दोन्ही क्रमांत त्यांच्याच एखाद्या कामावर थोडा वेळ घालवू द्या. मग ते सांगतील तो क्रम लावा, आणि सेटिंग कुठे आहे ते त्यांच्या वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्यायला लावा, म्हणजे नवी आवृत्ती आल्यावर ते बदललं तर तुमची वाट न पाहता त्यांना ते पूर्ववत करता येईल.